वडील घरात नव्हते, म्हणून लग्नच नको?

"ताई, मी २९ वर्षांची आहे. नाशिकला सिडकोत राहते, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मी सात वर्षांची असताना पप्पांची सातपूरची नोकरी गेली आणि ते कामाला वापीला गेले. आधी दर महिन्याला पैसे यायचे, मग ते दिवाळीला यायचे, मग फक्त फोन, मग तोही बंद. तिकडे त्यांचा दुसरा संसार आहे हे मला नववीत असताना काकूच्या तोंडून कळलं. आईने आधी शिवणकाम आणि मग डबे करून मला शिकवलं. तिच्या गळ्यात अजून मंगळसूत्र आहे, वटपौर्णिमेचा उपासही ती धरते.

मामांनी आणलेल्या स्थळातला मुलगा मला आवडलाय. जेलरोडला राहतो, बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे, शांत स्वभावाचा. वर्षभर बोलतोय आम्ही. पण साखरपुड्याची तारीख काढायची वेळ आली की माझ्या पोटात गोळा येतो, ताप चढतो. दोनदा पुढे ढकललं. मागच्या महिन्यात त्याने दिवसभर फोन उचलला नाही, तर संध्याकाळी मी त्याचा नंबरच ब्लॉक केला. दोन दिवसांनी तो घरी आला, तेव्हा काय सांगावं तेच कळेना. घरचे म्हणतात, सिंहस्थ लागायच्या आत उरकून टाका, मग मुहूर्त मिळणार नाहीत. काका म्हणतात, कन्यादान मी करणार. इतकी वर्षं ते आमच्या दारातसुद्धा आले नव्हते. माझ्यात काही दोष आहे का? बापाशिवाय वाढलेल्या मुलींनी लग्न करू नये का? आणि मी गेले तर आई एकटी पडेल."

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते. एवढं मोठं पत्र त्या मुलाबद्दल, फोनबद्दल, काकांबद्दल लिहिलंस, आणि आईचं वाक्य मात्र जाता जाता टाकल्यासारखं अगदी शेवटी लिहिलंस. माझ्याकडे बोलायला येणाऱ्या मुलींचंही बऱ्याचदा असंच होतं. तासभर 'तो मला सोडून गेला तर?' यावर बोलतात, आणि निघताना चपला घालता घालता विचारतात, 'आईचं कसं होईल?'

मला वाटतं, तुला दोन भीती आहेत आणि त्यांचा एकमेकींत गुंता झालाय. तो मला सोडून जाईल, ही एक. मी आईला सोडून जाईन, ही दुसरी. वडील आईला सोडून गेले. आता लग्न करून तू त्या घरातून निघालीस की आईला सोडून जाणारं दुसरं माणूस तूच ठरशील, असं तुझ्या मनाने कधीच धरून ठेवलंय. पहिल्या भीतीबद्दल तू मला मोकळेपणाने लिहिलंस, कारण तिच्यात तू दुखावलेली आहेस. दुसरीत तू दुखावणारी आहेस, म्हणून ती स्वतःशी बोलायलाही जड जाते. तारीख काढताना पोटात येणारा गोळा या दुसरीचा जास्त असावा, असा माझा अंदाज आहे. तारीख ठरली की घर सोडायचा दिवसही ठरतो ना.

'माझ्यात दोष आहे का' याचं उत्तर 'नाही' असं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. बापाशिवाय वाढलेल्या मुलींनी लग्न करू नये, असं कुठलं शास्त्र सांगत नाही आणि माझा अनुभवही सांगत नाही. तसं सुचवतात ती कांदेपोह्यांना आलेली माणसं, 'वडील काय करतात?' विचारून झाल्यावर एकमेकांकडे बघणारी. त्या बघण्याचा मला मनापासून राग येतो. एकट्या बाईने शिलाई मशीन चालवून आणि डबे करून मुलगी शिकवली, नोकरीला लावली, ते त्यांना दिसत नाही.

आता तो फोन. त्याच्यापाशी मला जरा थांबायचंय.

तुझे वडील भांडून गेले नाहीत. दार आपटलं नाही, आरडाओरडा झाला नाही. बॅग भरून कामाला गेले आणि थोडे थोडे कमी होत गेले. आधी पैसे, मग दिवाळीची फेरी, मग फोन, मग काहीच नाही. तू मला याच क्रमाने लिहिलंयस. पप्पा आता येणार नाहीत, हे त्या लहान मुलीला कोणी जवळ बसवून सांगितलं नाही. तिने ते फोन न वाजण्यावरून ओळखलं. ज्या मुलीचा बाप पिऊन मारझोड करायचा, तिला चढलेल्या आवाजाची धास्ती असते. तुला शांततेची आहे. त्या दिवशी साइटवर स्लॅबचं काम असेल, मोबाइल चार्जिंगला लावून तो वर चढला असेल, हे तुझ्या डोक्याला कळत होतं. पण अंधार पडेपर्यंत फोन उचलला नाही म्हटल्यावर आतल्या मुलीने निकाल लावला की हाही गेला. आणि त्याने जाण्याआधी आपणच दार लावून घेतलेलं बरं, म्हणून नंबर ब्लॉक झाला. या सावधपणाने लहानपणी तुला सांभाळलंय. वाट बघणं थांबवलंस म्हणून अभ्यासात डोकं घालता आलं. त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण तीच सवय तू आता अशा माणसावर वापरलीस, जो दोन दिवसांनी स्वतःहून घरी आला.

हे तू एका वाक्यात उरकलंस म्हणून मी पुन्हा लिहिते. नंबर ब्लॉक केलेला असताना तो जेलरोडहून सिडकोत तुझ्या घरी आला. तेवढ्यावरून तो जन्मभर साथ देईल असं मी म्हणत नाही. पण तुझ्या मनातल्या वहीत न उचललेला फोन ठळक लिहिलाय आणि त्याचं येणं टिपलेलंच नाही. ते लिहून घे. अगदी खरंच, कागदावर. तो न आल्याच्या, न बोलल्याच्या वेळा एका बाजूला आणि आल्याच्या, कळवल्याच्या वेळा दुसऱ्या बाजूला. काही आठवड्यांनी कागद काय सांगतो ते बघ. त्याने खरंच तोंड फिरवलेलं असेल तर तेही त्या कागदावर दिसेल.

आई-वडील दोघेही असलेल्या घरात मुलांना एक शिक्षण न मागता मिळतं. सकाळी गॅस सिलिंडरचा नंबर लावायचा राहिला म्हणून नवरा-बायकोचं वाजतं. तो डबा न घेताच निघून जातो. कोपऱ्यात गृहपाठ करत बसलेल्या मुलीच्या पोटात कालवतं. संध्याकाळी तो येतो, हातात कोथिंबिरीची जुडी असते, ती काही न बोलता ओट्यावर ठेवतो. बायको न बोलता ताट वाढते. नऊ वाजता दोघं कुणाच्या तरी लग्नात आहेर किती करायचा यावर बोलत असतात. मुलीला कोणी काही समजावलेलं नसतं, पण तिला कळतं की चिडून बाहेर पडलेला माणूस संध्याकाळी घरी येतो. हे इतक्या वेळा बघून होतं की अंगात मुरतं. तुझ्या घरात हे घडायला माणूसच नव्हता. वडिलांचं प्रेम मिळालं नाही, त्याचं दुःख आहेच. पण लग्नाच्या बाबतीत तुझी मोठी उणीव मला ही वाटते की भांडण मिटताना तू कधी जवळून पाहिलेलं नाहीस. म्हणून दोघांत पहिला खडा पडला की तुला थेट शेवट दिसतो, मधलं काहीच दिसत नाही.

ही उणीव मोठेपणीही भरून काढता येते. मामांकडे चार दिवस राहायला जा, आणि मामींना सरळ विचार, "मागचं भांडण झालं तेव्हा आधी कोण बोललं? किती वेळाने?" त्या आधी हसतील, मग सांगतील. एखाद्या लग्न झालेल्या मैत्रिणीलाही विचार. चांगल्या संसारातसुद्धा अबोला असतो आणि तो सुटतो, हे तुझ्या कानावर चारचौघींकडून पडायला हवं. आणि या मुलाबरोबर साखरपुड्याआधी एखादं छोटं भांडण पूर्ण होऊ दे. म्हणजे पळ काढू नकोस, ब्लॉक करू नकोस, 'काही नाही' म्हणून गिळूनही टाकू नकोस. काय टोचलं ते सांग, त्याचं ऐक, दुसऱ्या दिवशी भेटा. त्या एका भांडणात तुला त्याच्याबद्दल जे कळेल, ते वर्षभराच्या गोड बोलण्यातून कळत नाही.

मॅव्हिस हेदरिंग्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९७२ सालचा एक अभ्यास आहे. १३ ते १७ वर्षांच्या ७२ मुली त्यात होत्या. काहींचे वडील वारलेले, काहींच्या आई-वडिलांचा घटस्फोट झालेला, आणि काहींच्या घरी दोघेही. मुलाखतीला पुरुष बसलेला असला की वडील वारलेल्या मुली बहुधा त्याच्यापासून सगळ्यात लांबची खुर्ची निवडायच्या, तर घटस्फोट झालेल्या घरातल्या मुली जवळची. पुरुषांसमोरची अस्वस्थता दोघींमध्ये होती, ती बाहेर पडायची तऱ्हा मात्र उलटी. अभ्यास जुना आहे, मुली तिकडच्या आहेत, त्यामुळे तो जसाच्या तसा आपल्याकडे लावू नये. तरी मला तो उपयोगाचा वाटतो, कारण बाप नसलेल्या सगळ्या मुली एकाच साच्याच्या असतात हा समज त्याने मोडतो. निफाडकडची एक मुलगी माझ्याकडे यायची. तिचे वडील द्राक्षबागेच्या कर्जापायी आत्महत्या करून गेले होते. नवरा सोडून जाईल अशी तिला कधीच भीती वाटली नाही, तो मरेल अशी वाटायची. तो सिन्नरच्या कंपनीतून सुटला की घरी पोचेपर्यंत ती त्याला फोन करत राहायची, तो गाडी चालवत असतानाही. शेवटी दोघांनी ठरवलं की निघताना एक मेसेज आणि पोचल्यावर एक हाक, मध्ये फोन नाही. भीती गेली नाही, पण ती पाळत ठेवण्यापर्यंत जाईना.

तुम्हालाही असंच काहीतरी ठरवता येईल. साइटवर जाताना त्याने लिहायचं, "आज वर आहे, सातनंतर बोलतो." आणि सातपर्यंत तू थांबायचंस. फारच जीव घाबरला तर "मला भीती वाटतेय" एवढंच लिहून पाठवायचं. रागाचा मेसेज नाही, टोमणा नाही. मात्र वडिलांची गोष्ट त्याला पूर्ण माहीत नसेल तर आधी ती सांग. मामांनी 'वडील बाहेरगावी असतात' असं काहीतरी गोलमोल सांगितलेलं असायची शक्यता मला दिसते. तुझ्या तोंडून त्याला कळू दे की फोन बंद होत होत बाप नाहीसा झाला, म्हणून न उचललेला फोन मला सोसत नाही. दोन दिवसांनी तो घरी आला तेव्हा सांगायची गोष्ट हीच होती, आणि ती अजूनही सांगता येईल.

सांगितल्यावर तो कसा वागतो, इकडे नीट लक्ष दे. इथे मला तुला सावधही करायचंय. तुझी प्रत्येक भीती वडिलांमुळेच आहे असं समजून स्वतःला गप्प बसवू नकोस. तुझी गोष्ट ऐकून तो पुढे कधी भांडणात तिचं हत्यार करत असेल, 'तुला बापच नव्हता, तुला काय कळणार संसारातलं' असं काही म्हणत असेल, तुझा पगार किती आणि तो कुठे जातो यावर आत्तापासून हक्क सांगत असेल, तुझा फोन तपासत असेल, तर ती भीती या माणसाची आहे आणि ती खरी आहे. तिथे थांबायचं. तो ऐकून घेत असेल, थोडा गोंधळत असेल, काय बोलावं ते त्याला सुचत नसेल, तर गोंधळू दे. शांत स्वभावाच्या माणसांना शब्द उशिरा सापडतात.

आता आई.

तुझ्या आईने तुला लहानपणापासून काय सांगितलं असेल, ते मी न ऐकताही सांगू शकते. 'शीक, पायावर उभी राहा, कुणाच्या भरवशावर राहू नकोस.' बरोबर ना? आणि तू पंचवीस-सव्विसची झाल्यावर तीच आई म्हणायला लागली, 'आता तुझं एकदा होऊन जाऊ दे.' दोन्ही ती जिवाच्या आकांताने सांगते, आणि तू दोन्ही ऐकतेस, म्हणून तारखा पुढे ढकलत बसतेस. 'भरवशावर राहू नकोस' म्हणताना आईला म्हणायचं होतं की पैशासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ तुझ्यावर येऊ नये. तू ऐकलंस ते असं, की पुरुषावर विश्वासच ठेवायचा नाही. तोंड आईचं पोळलं आणि ताक तू फुंकून पितेस. तिला जे सांगायचं होतं ते तू केव्हाच करून दाखवलंयस. तुझी नोकरी आहे, तुझ्या नावावर खातं आहे. ती मंगळसूत्राकडे बघून घाबरत असेल तर समजू शकते, पण तू ज्या जागेवरून लग्नात पाऊल टाकणार आहेस, ती जागा तिला तेव्हा मिळालेली नव्हती.

वटपौर्णिमेचा उपास आणि मंगळसूत्र, हे तू लिहिलंस त्यात मला थोडा राग जाणवला. माणूस मेला तर तेरावं होतं, लोक येऊन बसतात, सगळ्यांना कळतं की आता काय. जो जिवंत आहे पण नाही, त्याचं काहीच होत नाही. पॉलीन बॉस नावाच्या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. त्यांनी दाखवलं की असं अर्धवट जाणं माणसाला पुढेही जाऊ देत नाही आणि मागेही वळू देत नाही. तुझ्या घरात दोघी जणी वर्षानुवर्षं तिथेच उभ्या आहात, आणि एकमेकींना जपायचं म्हणून तो विषय टाळत आहात. मंगळसूत्राचं कारण काहीही असू शकतं. आशा असेल, चाळीतल्या बायकांच्या नजरा असतील, किंवा एकट्या बाईला भाड्याने खोली देताना घरमालक नाही म्हणतात म्हणून घातलेलं ते तसंच राहिलं असेल. अंदाज करू नकोस, विचार. पण 'अजून का घालतेस?' असं विचारलंस तर ती मिटून जाईल. पैशापासून सुरुवात कर. पहिल्या वर्षी भाडं कसं भरलंस? पहिला डबा कुणाचा होता? माझी शाळेची फी कुणी दिली? आपल्या आया दुःखाचं सांगत नाहीत, पण हिशेबाचं सांगतात, आणि हिशेब सांगता सांगता बाकीचं बाहेर येतं. तुझ्या मनात वडिलांच्या जाण्याची लहान मुलीने रचलेली गोष्ट आहे. मोठ्या बाईने सांगितलेली गोष्ट एकदा ऐकायला हवी.

याच बोलण्यात एक कामाची गोष्टही निघू दे. आई-वडिलांचा कायदेशीर घटस्फोट झालेला नसेल तर कायद्याने आईच त्यांची पत्नी आहे. पोटगीचा आणि पुढे वारशाचा तिचा हक्क त्यांनी दुसरं घर केल्याने संपत नाही. तिला तो मागायचा की नाही, हा तिचा प्रश्न. पण माहिती असावी. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने बाईला, तिची मिळकत कितीही असली तरी, तिथे वकिलाची मदत मोफत मिळते.

मग 'आई एकटी पडेल' याचं काय? पडेल, थोडी. ते मी नाकारत नाही. आजवर लाइटचं बिल, बँक, दवाखाना, सगळं तूच बघत आलीस, त्या घरातला कर्ता माणूस तूच आहेस. पण वडील न सांगता गेले होते. तू सांगून, ठरवून जाणार आहेस, आणि जेलरोड ते सिडको हे अंतर असं किती? सिटीलिंकची बस धरली तरी अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. तेव्हा साखरपुड्याच्या बैठकीत मामांनी मानपानाबरोबर हेही उघड बोलावं: पगारातले ठराविक पैसे आईला जाणार, आठवड्यातला एक दिवस तिचा, ती आजारी पडली तर ती तुमच्याकडे येईल किंवा तू तिच्याकडे जाशील. मुलगा आपल्या आईसाठी हे सगळं करतो तेव्हा कुणी विचारत नाही. मुलीलाही विचारायची गरज पडू नये, पण पडते, म्हणून आधी बोला. यावर तिकडच्या लोकांचे चेहरे पडले, तर लग्नाआधी पडलेले बरे.

आणि आईलाही विचार की तिला काय हवंय. कदाचित तिला एकटं राहायचं असेल. इतकी वर्षं पहाटे उठून डबे केल्यावर सकाळी सातपर्यंत झोपावंसं वाटत असेल, बायकांबरोबर पंढरपूरला जावंसं वाटत असेल. तिचं उरलेलं आयुष्य म्हणजे नुसती तुझी वाट बघणं, असं तू परस्पर ठरवू नकोस.

तापाबद्दल: एकदा साध्या डॉक्टरांना दाखवून घे. तपासण्या ठीक असतील आणि तारखेच्या बोलण्याबरोबरच हे होत असेल, रात्र रात्र झोप लागत नसेल, तर समुपदेशकाकडे काही बैठकी घे. जमलं तर एखादी दोघांनी मिळून. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६ या नंबरवर फोन करायचा. दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. एकदम कुणासमोर जाऊन बसायचा संकोच वाटला तर तिथून सुरुवात कर.

हे सगळं केल्यावरही तुला वाटलं की नाही, मला लग्न नकोच, तर नको करूस. लग्नाशिवाय नीट, भरलेलं आयुष्य जगणाऱ्या बायका मी या शहरात बघते आणि त्यांचं काही अडलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की तो निर्णय २९ वर्षांच्या बाईने घ्यावा, फोनजवळ बसलेल्या सात वर्षांच्या मुलीने नको. आणि त्या मुलाला लोंबकळत ठेवू नकोस. हो किंवा नाही, पण स्पष्ट सांग. न सांगता कमी कमी होत जाणं काय असतं, हे तुला माहीत आहे.

सिंहस्थाचं म्हणशील, तर ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि गुरू सिंहेत असताना लग्न टाळायची रूढी आपल्या गोदाकाठी जुनी आहे. घरच्यांची श्रद्धा आहे, तिची टिंगल करायचं कारण नाही. पण त्यासाठी तुझ्या मनाची तयारी अर्धी सोडून धावायचंही कारण नाही. तयारी नंतर झाली तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ३० दिवसांची नोटीस देऊन तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं, त्याला पंचांग लागत नाही. घाईच्या नावाखाली तिसऱ्यांदा तारीख काढून तिसऱ्यांदा ढकलण्यापेक्षा मामांना सरळ सांग, "मला तीन महिने द्या, तोवर कुणी विषय काढू नका."

राहता राहिले काका. कन्यादान त्यांनीच करावं असं कुठेही लिहिलेलं नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ मध्ये रूढीप्रमाणे विधी आणि सप्तपदी यांचा उल्लेख आहे, कन्यादानाचा नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये हेच सांगितलं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने तर २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात भटजीशिवाय पहिलं लग्न लावून दाखवलं. कन्यादान हवं असेल तर आईने करावं, आणि गुरुजी तयार नसतील तर तयार असणारे गुरुजी शोधावेत, नाशिकमध्ये ते न मिळण्यासारखं काही नाही. नको असेल तर तो विधी गाळा. मामा अंतरपाटापर्यंत आणतील, पाठीशी उभे राहतील, तो मान त्यांचाच आहे आणि त्यांनी तो कमावलाय. काकांनी अक्षता टाकायला जरूर यावं, जेवून जावं. इतक्या वर्षांत ज्यांनी दार वाजवलं नाही, त्यांनी बापाच्या जागेवर येऊन बसू नये, आणि हे त्यांना तुझ्या वतीने मामांनी सांगावं, तू सांगायला जाऊ नकोस.

पत्रिकेत निमंत्रक म्हणून आईचं नाव घाला. नावाआधी सौ. छापायचं की श्रीमती, हे छापखान्यात उभं राहून ठरवू नका, घरी आईला विचारा आणि ती म्हणेल ते छापा. वडिलांना कळवायचं का, हेही तुम्ही दोघींनी ठरवायचं. आई नको म्हणाली तर नको, आणि तिने कळव म्हटलं पण तुला नको असेल, तर लग्न तुझं आहे, तिला तसं सांग.

तुझी,
ताई